एकट्याचे फिरते घर

आपल्याकडे एकट्या माणसाला खोली मिळत नाही. ज्यांना हे खोटे वाटेल त्यांनी साठी उलटल्यावर, हातात एक पिशवी घेऊन, एखाद्या तीर्थक्षेत्राच्या भक्तनिवासात जाऊन पाहावे. खिडकीमागचा माणूस आधी तुमच्या पाठीमागे कोण उभे आहे ते बघतो. कोणी नसले की विचारतो, "फॅमिली?" नाही म्हटले की उत्तर ठरलेले असते, "सिंगलला रूम देत नाही, हॉलमध्ये पथारी टाका." लॉजवाला इतके उघड बोलत नाही. तो रजिस्टर चाळल्यासारखे करतो आणि सगळ्या खोल्या भरल्याचे सांगतो. त्यांचीही बाजू आहे. एकटा माणूस रात्री दार लावून आत काय करील याचा भरवसा नाही, आणि सकाळी पोलिसांना तोंड मालकालाच द्यावे लागते. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. अनोळखी माणसाकडे संशयाने पाहण्याचाच पगार मी घेत होतो, त्यामुळे या मंडळींवर रागावणे मला जमत नाही.

तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि मी असा 'सिंगल' झालो. मुलगा पुण्याला असतो, परभणीच्या घरात मी आणि पुस्तके. हाती घेतलेल्या कादंबरीसाठी मला गोदाकाठची गावे हिंडायची आहेत, पैठणपासून धर्माबादपर्यंत. सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले की गाव दिसते, गावाची रात्र दिसत नाही. मुक्काम हवा, आणि मुक्कामाला खोली नाही. म्हणून गेले वर्षभर मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे. एकट्याने चालवत न्यावे आणि रात्री त्यातच झोपावे, असे वाहन कोणते घ्यावे? कॅराव्हॅन, मोटरहोम, कॅम्पर अशी त्याची नावे. ग्रॅच्युइटीतला एक तुकडा त्यासाठी राखून ठेवला आहे. तो एकदाच खर्च होणार. बँक पेन्शनरांच्या पेन्शनवाढीचा विषय मी इथे काढत नाही, पण दुसरा तुकडा नाही एवढे त्यावरून समजून घ्यावे.

फिरते घर आमच्या जिल्ह्याला नवे आहे असे नव्हे. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, लेकरे, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे. कारखान्याच्या पट्टा पडेपर्यंतचा संसार त्या एका खेपेत जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. भक्तनिवासाच्या खिडकीशी उभा असताना मला हा शब्द हमखास आठवतो.

घिसाड्यांच्या बैलगाड्याही आता कमी झाल्या, पण लहानपणी आमच्या गावाबाहेर त्या उतरत. भाता, ऐरण, गोधड्या, कोंबड्यांचे खुराडे, सगळे एका गाडीत. मुक्कामाला पहिली लागणारी वस्तू सर्वांत शेवटी भरलेली असायची, म्हणजे अंधार पडताना उचकापाचक करावी लागू नये. लाखो रुपयांच्या मोटरहोममध्येही हे शहाणपण नेहमी सापडते असे नाही. मी पाहिलेल्या एकीत पाण्याची नळी बिछान्याखालच्या कप्प्यात होती. म्हणजे पाणी भरायचे तर आधी गादी उचला.

बरोबर कोण होते?

हौसेखातर राहण्याची गाडी बांधून घेणारा पहिला माणूस म्हणून डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव सांगतात. इंग्लंडच्या नौदलातले निवृत्त डॉक्टर, आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी करून घेतली. वजन दोन टनांच्या घरात. ओढायला दोन घोडे, हाकायला कोचमन, आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायला पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकर! आपल्या शेजारच्या आंध्रात १९८२ साली एन. टी. रामाराव जुन्या शेवरले गाडीचा 'चैतन्य रथम्' करून राज्यभर हिंडले. त्यातच खाणे, त्यातच झोपणे. पण चाकावर मुलगा हरिकृष्ण होता. बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' घेऊन निघाले. पाठीच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे, तेव्हा त्यांच्या गाडीत आडवे होण्याची सोय होती. तिथेही चालवणारे, सांभाळणारे सोबती होतेच.

माझ्या कामाचा माणूस निघाला तो जॉन स्टाइनबेक. १९६०च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो अमेरिका बघायला निघाला. पिकअप ट्रक, त्याच्या पाठीवर बसवलेली छोटी खोली, आणि सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा. सगळा मुलूख त्याने स्वतः गाडी चालवत पाहिला.

या सगळ्या उदाहरणांतून मला कसोटी मिळाली, आणि तिचे नाव मी 'क्लीनर' ठेवले आहे. ट्रक-टेम्पोच्या जगात ड्रायव्हरइतकाच क्लीनर मोलाचा. गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" म्हणणारा तो, उतारावर चाकाखाली दगड लावणारा तो, पंक्चर झाल्यावर जॅक घेऊन खाली शिरणारा तो, आणि रात्री गाडीत झोपून मालाची राखण करणारा तोच. नव्वदच्या दशकात मी काळी-पिवळी जीप आणि मॅटॅडोरची कितीतरी कर्जप्रकरणे केली. क्लीनर सुटला की धंदा कसा बसतो, आणि पाठोपाठ हप्ता कसा थकतो, हे वसुलीच्या वेळी पुरते पाहिले आहे. एकट्या प्रवाशाला क्लीनर नाही. तेव्हा गाडीत काय काय सोयी आहेत हा प्रश्न मागाहून. आधी हे पाहायचे की त्या गाडीचे कोणते काम दुसऱ्या माणसाशिवाय होत नाही. ते एक जरी निघाले, तरी गाडी आपल्यासाठी नाही.

या कसोटीवर ओढून न्यायची कॅराव्हॅन पहिल्याच फेरीत बाद झाली. दिसायला ती सगळ्यांत देखणी. मुक्कामी सोडून ठेवता येते आणि पुढची गाडी घेऊन गावात जाता येते, हा तिचा मोठा गुण. पण उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेणारा ट्रॅक्टरवाला कधी नीट पाहा. ट्रॉली उजवीकडे वळवायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावे लागते, आणि एवढा मुरलेला गडीही मागे उभ्या पोराकडे बघत असतो. मानवत किंवा सेलूच्या बाजाराच्या दिवशी हे माझ्याने होणार नाही.

मोठे मोटरहोम म्हणजे आपल्याकडे बहुधा फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर केलेले. ही मूळची मर्सिडीजच्या आराखड्यावरची गाडी, बजाज टेम्पोने १९८७ साली आणली. २००५ पासून कंपनीचे नाव फोर्स मोटर्स. उंच छपराच्या ट्रॅव्हलरमध्ये ताठ उभे राहता येते. हे सुख लहान नाही, विजार घालताना कळते. रुंदी बाहेरून दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे आतून अस्तर लावल्यावर आडवा बिछाना बेताच्या उंचीच्या माणसालाच पुरतो. सगळ्यांत लांब सांगाड्याची एक गाडी मी पुण्यात चालवून पाहिली. हमरस्त्याला गुण घेणारी होती. मग मी डोळे मिटून तीच गाडी गंगाखेडच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत घातली आणि विषय तिथेच संपवला. आखूड सांगाड्याची मात्र विचारात घेण्यासारखी आहे. टाटा विंगरला पुढची चाके ओढतात, त्यामुळे तिचा तळ खाली आणि पायरी सोपी. गुडघे दुखणाऱ्याने ती जरूर बघावी.

तिसरी, सगळ्यांत गरीब उमेदवार म्हणजे मारुती ईको. लांबी ३,६७५ मिलिमीटर, रुंदी १,४७५, उंची १,८२५. उभे राहणे विसरा. रुंदी बाहेरूनच पाच फुटांच्या आत, म्हणजे बिछाना लांबीनेच टाकावा लागणार. इंजिन पुढच्या आसनांखाली, त्यामुळे लांबच्या प्रवासात खालून ऊब येते. पण कोणत्याही गल्लीत ती वळते, तिचे चाक मी अंगणात एकट्याने काढून पुन्हा बसवले, आणि तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजात तिचा मिस्त्री सापडतो.

सेलूच्या बाईंचा आक्षेप

इथवर माझा हिशेब जमत आला होता. तो सेलूच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी विस्कटला. त्यांनाही एकटीने हिंडायचे आहे. माझी वही बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या यादीत संडास सहाव्या नंबरवर आहे. बाईच्या यादीत तो पहिला असतो." आणि दुसरा मुद्दा त्यांनी काढला तो असा: रात्री बाहेर कोणी दार वाजवले, तर दार न उघडता बिछान्यावरून थेट स्टिअरिंगपर्यंत जाता आले पाहिजे. जाता येत नसेल ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नये.

दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. दुसरा तर पुरुषांनाही तितकाच लागू. पुष्कळ गाड्यांत चालकाची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये भिंत असते. ती असेल तर एकट्याने पुढे जाऊच नये. ईकोत दोन आसनांच्या फटीतून मी गुडघे घासत पुढे जाऊ शकतो. बाईंनी एकदा करून पाहिले आणि नाही म्हणाल्या. संडासाचे सांगायचे तर डबा काढून रिकामा करता येणारा येतो, तो चांगला. मात्र तो भरला की वीस किलोच्या आसपास जातो, उचलायला आपणच, आणि रिकामा करायला आपल्या रस्त्यांवर ठरलेली जागा नाही. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यात अशा गाड्यांसाठी पार्क उभारण्याची कल्पना आहे. परभणीहून निघून ज्या ज्या रस्त्याने मी गेलो तिथे मला अजून तसा पार्क दिसलेला नाही. तोवर पेट्रोल पंप आणि ओळखीची घरे. बाईंसाठी आखूड ट्रॅव्हलर किंवा विंगर, माझ्यासाठी ईको, असा निकाल आम्ही एकमताने दिला. एकट्याची गाडी म्हणजे कोणत्या एकट्याची, हे विचारल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही.

विजेचा जमाखर्च

गाडी दाखवणारे लोक एसी, फ्रीज, टीव्ही दाखवतात. बॅटरी दाखवत नाहीत. ती बघायला मागावी, कारण फिरत्या घराचे ते चालू खाते आहे.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास शिल्लक. पण साधी, आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, तेव्हा काढता येतात ते ६००. लिथियमच्या बॅटरीतून याहून बरेच जास्त काढता येतात, किंमतही तशीच. आता खर्च. २५ वॅटचा पंखा नऊ तास, २२५. दिवा चार तास, ४०. फोन आणि लिहायचे यंत्र मिळून ८०. बेरीज ३४५. खाते सुस्थितीत. लहान फ्रीज लावा, दिवसाला आणखी चारपाचशे, खाते उणे. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो, म्हणजे अर्ध्या तासात खाते बंद. छपरावर २०० वॅटचे सौर पॅनेल टाकले तर आमच्याकडच्या उन्हात दिवसाला सातआठशे वॅट-तास जमा होतात. पण त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि मराठवाड्यात गाडी उन्हात उभी करायची म्हणजे तिच्यात कोण झोपणार? पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. मी कडुनिंबाची सावली आणि पंखा घेतला, फ्रीज सोडला. चैत्र-वैशाखात निघायचेच नाही. एसीवाचून होत नसेल तर बाहेरून वीज घेण्याची सोय बघावी.

जनरेटर लावून एसी चालवू, असे कोणी म्हणेल. २०२४च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला तो उठवत नाही. त्या गाडीत दोघे होते आणि दोघांनाही जाग आली नाही, मग एकट्याचे काय? तेव्हा हा वायू ओळखून कर्कश वाजणारे छोटे यंत्र उशाशी असलेच पाहिजे, आणि इंजिन किंवा शेगडी चालू ठेवून झोपायचे नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर तळाशी साचतो. म्हणून झडप खाली, फरशीलगत हवी. वरच्या खिडकीने काम भागत नाही. मी तर सिलिंडर मागच्या दारापाशी ठेवून चहा गाडीबाहेरच करायचा असे ठरवले आहे.

पाण्याचेही एक वाक्य लिहून ठेवतो: एक लिटर म्हणजे एक किलो. वीस लिटरचा जार एकट्याच्या पाठीला झेपत नाही, दहा-दहाचे कॅन घ्यावेत.

काळी माती आणि कागदपत्रे

परदेशी पुस्तकांत गाडी सपाट कशी उभी करावी यावर पाने खर्च केलेली असतात. आमच्याकडचा प्रश्न वेगळा. काळ्या रानात पाऊस पडला की चाकाला माती बसते, बसता बसता चाक मडगार्डला घासू लागते, आणि मग ट्रॅक्टर बोलावावा लागतो. रात्री अकराला एकट्याने ट्रॅक्टर कुठून आणणार? हलकी गाडी चार माणसे ढकलतात, तीन टनांची ढकलत नाहीत. मुरमावर किंवा देवळाच्या फरसबंदीशेजारी उभे राहायचे, आभाळ भरले की डांबरावर यायचे. गाडी निघण्याच्या दिशेला तोंड करून लावायची, म्हणजे निघताना मागे घेणेच नको.

कागदांत मी मनापासून रमतो, आणि या बाबतीत पुष्कळांना फसताना पाहतो. वेल्डरकडे जायचे, आसने काढून पलंग-ओटा बसवायचा आणि निघायचे, हे बेकायदा ठरू शकते. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी पुस्तकातला उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. आरसी बुकात पाच आसने आणि गाडीत एक, ही तफावत अपघातानंतर विमा कंपनीच्या नजरेतून सुटणार नाही. मोटर कॅराव्हॅन आणि कॅम्पर व्हॅन हे नोंदणीतले स्वतंत्र प्रकार आहेत, एआयएस-१२४ हे त्यांचे तांत्रिक मानक आहे. तयार गाडी घेताना तिची नोंदणी कोणत्या प्रकारात आहे ते आधी वाचावे, गालिचा मग बघावा. परवान्याची भीती मात्र नको. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने पुन्हा पक्के केले. पंचावन्न उलटल्यावर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि डॉक्टरचा दाखला लागतो, एवढे धरून चालावे. माझ्या बाबतीत गाडीचे आयुष्य परवान्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.

त्यावरून घसारा. माझ्या अंदाजाने ईको आणि आतले काम मिळून साडेसात लाख. सहा वर्षांनी तीन लाख परत आले तर साडेचार बुडाले. विमा, देखभाल वर्षाला चाळीस हजार, सहा वर्षांचे दोन लाख चाळीस. एकूण सहा लाख नव्वद हजार. वर्षाला साठ मुक्काम धरले तर ३६० रात्री, म्हणजे एका रात्रीचे सुमारे १,९१७ रुपये, इंधन वेगळे. पंचवीस लाखांची मोठी गाडी याच रीतीने मांडली, बारा लाख परत आणि वर्षाला लाख खर्च धरला, तर रात्रीचे ५,२७८. माझ्याकडे हे प्रकरण मंजुरीला आले असते तर मोठी गाडी मी नामंजूर केली असती. लहान गाडीवर शेरा मारला असता, 'लॉज स्वस्त पडते'. अर्जदाराने त्यावर उत्तर दिले असते की लॉज खोली देत नाही.

गाडी भाड्याने घेऊन आधी अनुभव घ्यावा, हा सल्ला सगळे देतात आणि तो रास्त आहे. फक्त आपल्याकडे भाड्याची कॅराव्हॅन पुष्कळदा चालकासकट येते. मग एकटेपण संपले, आणि रात्री त्या चालकाने झोपायचे कुठे हा नवा प्रश्न उभा राहिला.

मुलाला हे सारे पसंत नाही. त्याचे म्हणणे, तिकडे काही झाले तर कळणार कसे? मी त्याला उलट विचारले नाही की परभणीच्या घरात रात्री काही झाले तर कसे कळणार आहे. आम्ही तोडगा काढला. रोज रात्री नऊला माझा फोन, गाडी कुठे उभी आहे ते त्याच्या फोनवर दिसत राहील, आणि मुक्कामाच्या गावच्या पोलीस पाटलाला आगाऊ कळवायचे. यातली तिसरी अट मी स्वतः घातली. गावात रात्री उभी असलेली अनोळखी गाडी म्हणजे चर्चा, आणि चर्चेपेक्षा ओळख बरी. त्याच कारणाने सुताराला सांगून सरकत्या दारापाशी एक जादा बैठक करून घेणार आहे. "कुठले पाव्हणे?" म्हणत येणाऱ्या माणसाला बसायला जागा नको का? परदेशी पुस्तकांतल्या एकट्याच्या गाडीत एकच खुर्ची असते. ती गोदाकाठी चालायची नाही.

बिछाना दोन तुकड्यांत, काढता-घालता येईल असा, बोल्ट न मारता ठेवला तर चालेल का, असे मी परिवहन कार्यालयाला लेखी विचारले आहे. उत्तर आले की गाडी घेईन. तोवर भाच्याची ईको दोन रात्रींसाठी मागून घेतली आहे. पहिला मुक्काम जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला, तिथल्या जुन्या देवळांजवळ. परवा पोलीस पाटलांना फोन केला, सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "जेवायला किती माणसं?"

"एकटाच आहे मी."

"मंग गाडीत कशाला झोपता? घरी या की."